चार सेकंदांसाठी सव्वा वर्ष

एक… दोन… तीन… चार. संपलं!

आत्ता तुम्ही मनातल्या मनात चार आकडे मोजलेत ना, तेवढ्याच वेळात पडद्यावरून निघून जाणारं एक दृश्य आहे. 'द विंड रायझेस' नावाच्या जपानी ॲनिमेशनपटातलं. २०१३ साली आलेल्या या चित्रपटात १९२३ सालचा जपानमधला मोठा भूकंप दाखवलाय. या दृश्यात घाबरलेल्या माणसांची ही गर्दी उसळलीये, आणि तिच्यातला प्रत्येक जण स्वतःच्या पद्धतीनं हलतोय. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांना ते तसंच हवं होतं. गर्दी म्हणजे एकच माणूस शंभरदा छापलेला नव्हे, असा त्यांचा आग्रह.

हे चार सेकंद एइजी यामामोरी नावाच्या चित्रकारानं काढले. हातानं, पेन्सिलीनं. आणि त्याला लागलं सव्वा वर्ष!

सव्वा वर्षात तुमची एक इयत्ता संपून दुसरी सुरू होते. तेवढा वेळ एका माणसानं चार सेकंदांना दिला. का दिला असेल? तुमच्यापैकी ज्यांना मोठेपणी ॲनिमेटर व्हायचंय त्यांनी तर हे नीट वाचाच. असे बरेच जण असणार, हे तुमच्या वह्यांचे कोपरे बघितले की कळतं.

आधी एक गंमत करून बघू. उजव्या हाताचं एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर उभं धरा. आता डावा डोळा मिटा. मग तो उघडून उजवा मिटा. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. भराभर करा. बोट इकडून तिकडे उड्या मारतंय की नाही? पण तुम्ही तर बोट जागचं हलवलंच नाही! तुमच्या मेंदूला आलटून पालटून दोन वेगवेगळी दृश्यं मिळाली, एकात बोट थोडं डावीकडे, दुसऱ्यात थोडं उजवीकडे. मेंदूनं लगेच ठरवून टाकलं की बोट हललं.

सगळं ॲनिमेशन मेंदूच्या या सवयीवर चालतं. १९१२ साली माक्स वेर्टहायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर प्रयोग केले. एक रेघ दाखवायची, ती जाऊन लगेच शेजारी दुसरी रेघ दाखवायची. मधला वेळ अगदी जुळून आला, तर लोकांना दोन रेघा दिसतच नाहीत. एकच रेघ सरकताना दिसते. पुस्तकांत बऱ्याचदा दृष्टिसातत्याचं कारण दिलेलं असतं, म्हणजे डोळ्यावर उमटलेलं चित्र क्षणभर टिकून राहतं म्हणून आपल्याला चित्रपट हलताना दिसतो. पण चित्रं नुसती टिकून राहिली असती तर एकावर एक चढून त्यांचा गिचमिड गोळा झाला असता. हालचाल बनवण्याचं काम मेंदू करतो. चित्रकार त्याला दोन चित्रं देतो आणि मधला प्रवास मेंदू स्वतः भरून काढतो.

चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, पडद्यावर येतात. हातानं काढणारे चित्रकार बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेमना वापरतात. त्याला ते 'टूवर काढणं' म्हणतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. हालचाल फारच वेगवान असेल तर मात्र प्रत्येक फ्रेमला नवं चित्र लागतं. एक मिनिटाच्या हालचालीला १२ गुणिले ६०, म्हणजे ७२० चित्रं झाली. तीही पडद्यावर एकच पात्र असेल तर!

पण चित्रं भरपूर काढली की झालं, असं मुळीच नाही. ॲनिमेशनमधली खरी अवघड गोष्ट तर कागदावर दिसतच नाही. ती असते एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंतच्या अंतरात. टेबलावरून पडणारा चेंडूच घ्या. सेकंदाला १२ चित्रं या हिशेबानं काढू. पहिल्या बाराव्या हिश्शात चेंडू साधारण साडेतीन सेंटिमीटर खाली येतो. पुढच्या तेवढ्याच वेळात दहा. मग सतरा. मग चोवीस. गुरुत्वाकर्षणामुळे त्याचा वेग सारखा वाढत जातो. ही अंतरं १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात असतात, हे गॅलिलिओनं चारशे वर्षांपूर्वी शोधलं होतं. आता सगळी चित्रं सारख्या अंतरावर काढून बघा. चेंडू पडल्यासारखा वाटणारच नाही, लिफ्टमधून उतरल्यासारखा वाटेल! चित्र कितीही सुबक असो, बघणारा म्हणणार, "काहीतरी चुकतंय." काय चुकतंय ते त्याला सांगता येणार नाही, पण पडणाऱ्या वस्तू त्यानं जन्मभर पाहिल्यात ना.

आणि ऐका, नेहमीच्या टेबलाची उंची असते पाऊण मीटर. वरचा हिशेब लावलात तर चेंडू हवेत असताना त्याची जेमतेम चार चित्रं होतात. पाचव्या चित्रात तो जमिनीला टेकलेला! फक्त चार चित्रं, आणि त्यांतूनच समजायला हवं की तो रबराचा आहे की लोखंडाचा.

आता या कलेच्या एका आजोबांना भेटू. अमेरिकेतले विन्झर मॅके. वर्तमानपत्रांत चित्रकथा काढायचे. १९१४ साली त्यांनी एक डायनोसॉर हलवून दाखवला, त्याचं नाव गर्टी. म्हणजे 'ती' गर्टी, कारण ती लाडावलेली आणि थोडी हट्टी मुलगी होती. मॅके स्वतः चाबूक घेऊन रंगमंचावर उभे राहायचे, मागे पडद्यावर गर्टी. त्यांनी सांगितलं की ती वाकून नमस्कार करायची, पाय उचलायची. रागावले की चक्क रडायची. शेवटी मॅके पडद्याआड जायचे आणि त्याच क्षणी पडद्यावर एक चित्रातले मॅके यायचे. गर्टी त्यांना उचलून पाठीवर घ्यायची आणि घेऊन जायची. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकांचं काय झालं असेल, विचार करा.

त्या वेळी पारदर्शक कागदाची सोय नव्हती. त्यामुळे प्रत्येक पातळ कागदावर गर्टी तर काढायचीच, शिवाय मागचे खडक, पाणी आणि जमीनही पुन्हा काढायची. हजारो कागदांवर! मागचं चित्र गिरवायचं काम मॅकेंनी एका तरुण मदतनिसाला दिलं होतं, जॉन फिट्झसिमन्सला. गर्टी मात्र ते स्वतःच काढायचे.

पण मला सगळ्यात जास्त आवडते ती वेगळीच गोष्ट. डायनोसॉर कुणी पाहिलाय? तो श्वास कसा घेत असेल? मॅकेंनी घड्याळ लावलं आणि स्वतःचा श्वास मोजला. आत घ्यायला किती वेळ, सोडायला किती. तेवढ्या चित्रांत गर्टीचं पोट वर-खाली केलं. गर्टी चालते तेव्हा तिच्या वजनानं पायाखालची जमीन किंचित दबते, तेही त्यांनी काढलं. बघणाऱ्याच्या लक्षात येईल न येईल. पण त्या दबलेल्या जमिनीमुळे गर्टी जड वाटते, आणि जड वाटली म्हणून खरी वाटते. कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसा झालेला प्राणी जिवंत झाला तो एका माणसानं स्वतःचा श्वास नीट पाहिला म्हणून.

हातानं ॲनिमेशन करणारी ही सगळी मंडळी भयंकर बघतात. आपण नुसतं बघतो, ती बघून ठेवतात. माझ्या मते त्यांचं अर्धं काम पेन्सिल हातात घेण्याआधीच झालेलं असतं.

मॅकेंच्या गर्टीच्याच वर्षी अर्ल हर्ड नावाच्या अमेरिकन माणसानं सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांची युक्ती काढली. त्या पत्र्याला म्हणतात 'सेल'. पात्र सेलवर काढायचं आणि मागच्या देखाव्याच्या चित्रावर ठेवायचं. देखावा एकदाच रंगवायचा, पात्रं बदलत राहायची. केवढे कष्ट वाचले! पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरातले बहुतेक ॲनिमेशनपट असेच झाले. १९३७ चा वॉल्ट डिस्ने यांचा 'स्नो व्हाइट'सुद्धा.

आता जरा उठून उभे राहा. गुडघे अजिबात न वाकवता उंच उडी मारून दाखवा. जमली? नाही ना! उडी वर जायच्या आधी खाली जाते. चेंडू फेकायच्या आधी हात मागे जातो. मांजर झेपावण्याआधी दबून बसतं. डिस्नेच्या चित्रकारांनी अशा गोष्टी पाहून पाहून टिपून ठेवल्या. त्यांच्यातल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी १९८१ साली आपल्या पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वं लिहिली. मोठ्या हालचालीआधी तिची छोटी उलटी तयारी दाखवा, हे त्यांतलंच एक. आणखी एक म्हणजे दबणं आणि ताणणं. रबरी चेंडू जमिनीवर आपटला की चपटा होतो, पण चपटा झाला की तेवढाच रुंदही व्हायला हवा. आतलं रबर थोडंच कुठे पळून जातं? तिसरं म्हणजे मागाहून येणारी हालचाल. कुत्रा धावता धावता थांबला तरी त्याचे लोंबते कान थांबत नाहीत, ते थोडे पुढे जाऊन मागे येतात.

डिस्नेच्या 'बॅम्बी'ची गोष्ट तर ऐकाच. हा १९४२ चा चित्रपट एका हरणाच्या पाडसाचा. पाडसाच्या पायांचं कोवळं लटपटणं मनानं कसं काढणार? मग अमेरिकेतल्या मेन राज्यातून दोन खरीखुरी पाडसं स्टुडिओत आणली. ती तिथेच वाढली आणि चित्रकार वह्या घेऊन त्यांच्याभोवती बसले.

त्या जंगलाचं रूप ठरवलं टायरस वाँग यांनी. हे चीनमध्ये जन्मलेले. लहानपणीच वडिलांबरोबर अमेरिकेला आले, घरची गरिबी. वडील त्यांना रोज कुंचल्यानं चिनी अक्षरं गिरवायला लावायचे, पण शाईला पैसे नसत. म्हणून कुंचला पाण्यात बुडवून रद्दी वर्तमानपत्रावर गिरवायचं! वाळलं की सगळं पुसलेलं. मोठेपणी डिस्नेत त्यांना काम मिळालं ते दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरायचं, 'इन-बिटवीन' म्हणतात ते. कंटाळवाणं आणि डोळे शिणवणारं काम. 'बॅम्बी'ची तयारी चाललीये असं कळल्यावर त्यांनी स्वतःहून जंगलाची छोटी छोटी चित्रं रंगवली. त्यांत पानन् पान काढलेलं नव्हतं. धुकं, चार फटकारे, थोडा उजेड, आणि त्यात एवढंसं हरीण. जुन्या चिनी निसर्गचित्रांत असतं तसं. वॉल्ट डिस्ने यांना ती फार आवडली आणि सगळ्या चित्रपटाचं जंगल तसं झालं. वाँग १०६ वर्षं जगले आणि म्हातारपणी स्वतः बनवलेले पतंग समुद्रकिनाऱ्यावर उडवत असत.

पुन्हा मियाझाकींकडे येऊ. त्यांच्या 'स्पिरिटेड अवे' या २००१ सालच्या चित्रपटात चिहिरो नावाची मुलगी एका जखमी ड्रॅगनला औषध देते. तो तोंड उघडत नाही, ही जबडा धरून उघडते. ड्रॅगन काढायचा कुणाला बघून? मियाझाकींनी चित्रकारांना सांगितलं की कुत्र्याला गोळी देतात तसं काढा. पण तसा अनुभव तिथल्या तरुण मंडळींना फारसा नव्हता. मग ती कॅमेरा घेऊन गेली थेट जनावरांच्या डॉक्टरकडे. कुत्र्याचा जबडा कुठून दाबला की उघडतो, ओठ कसे वर जातात, दात कसे दिसतात, सगळं पाहून आली. तो प्रसंग कधी पाहिलात तर ड्रॅगनच्या तोंडाकडे नीट बघा. कुत्रा दिसेल!

तुम्ही म्हणाल, हे सगळं आता कॉम्प्युटर करतो की. करतो, खरंच करतो. दोन चित्रं दिली तर मधली चित्रं झटक्यात भरून देतो. पण चेंडू रबराचा की लोखंडाचा, पाडसाला भीती वाटतेय की उत्सुकता, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. पिक्सार कंपनीच्या जॉन लॅसेटर यांनी १९८६ साली कॉम्प्युटरवर एक टेबललॅम्प उड्या मारताना दाखवला, 'लक्सो ज्युनियर'. पुढच्याच वर्षी त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. कशावर? हातानं चित्रं काढणाऱ्यांची जुनी तत्त्वं कॉम्प्युटरवर कशी वापरायची, यावर. लॅम्पला ना हात, ना डोळे. पण उडी मारायच्या आधी तो वाकतो, आणि आपल्याला तो छोटा मुलगा वाटतो.

हे सगळं लांब लांबच्या देशांतच घडलं असं समजू नका. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली 'राजा हरिश्चंद्र' या त्यांच्या चित्रपटाच्या आधी एक छोटीशी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून जास्त काळ थोडी थोडी फिल्म घेत राहिले. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात बी उगवून त्याचं रोप झालं! ते पाहूनच पैसे लावणाऱ्यांची खात्री पटली. नंतर त्यांनी आगकाड्या थोड्या थोड्या सरकवून त्यांचाही एक खेळ चित्रित केला, 'आगकाड्यांची मौज'. यात चित्रं काढलेली नव्हती, पण एकेक फ्रेम धीरानं जमवायची युक्ती तीच.

'बॅम्बी'वर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईला आले आणि फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेत आपल्या चित्रकारांना ॲनिमेशन शिकवू लागले. १९५७ साली तयार झालेली तिथली फिल्म होती 'द बनियन डिअर'. जातककथेवरची, आणि पुन्हा हरणाचीच! वीक्स यांच्या हाताखाली शिकलेल्यांत होते राम मोहन. त्यांनी पुढे जपानी चित्रकारांबरोबर हातानं काढलेलं रामायण केलं, १९९२ साली. आणि आज रात्री घरी एक विचारा. दूरदर्शनवर पूर्वी लागणारी 'एक अनेक और एकता' ही चिमण्या-पाखरांची फिल्म आठवते का? आई-बाबा ती बहुतेक गाऊनच दाखवतील! १९७४ सालची ही फिल्म विजया मुळे यांनी केली आणि तिचं ॲनिमेशन भीमसेन यांचं. मुंबईत असाल किंवा येणार असाल तर पेडर रोडवरचं भारतीय चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालय मोठ्यांना दाखवायला सांगा.

आणि आता तुमचं काम. या आठवड्यात फक्त बघा. चिमणी जमिनीवर कशी जाते? दोन्ही पाय एकदम उचलून, टुणटुण. आणि साळुंकी? ती आपल्यासारखी पाऊल टाकत चालते. मग कावळा? ते मी सांगणार नाही, खिडकीत बसून शोधा. भरलेली बादली उजव्या हातात घेतली की माणूस कुठे कलतो? आजी जमिनीवरून उठताना आधी काय हलवते, हात, गुडघा की मान? गाय चालताना चार पायांतला कुठला आधी पडतो, मग कुठला? वहीत लिहू नका, काढा. वेड्यावाकड्या रेघा चालतील, पण भरभर.

मग पाठकोऱ्या पातळ कागदाचे २४ सारखे तुकडे कापा आणि एका बाजूनं घट्ट क्लिप लावा. सुरुवात सगळ्यात खालच्या पानापासून करा. त्यावर चित्र काढलं की वरचं पान पाडायचं. खालचं चित्र पुसटसं दिसतं, त्याच्या आधारानं पुढचं थोडंसं बदलून काढायचं. डायनोसॉर किंवा भूकंप आत्ताच नको. आधी चेंडू पाडा, विषम संख्यांची अंतरं ठेवून. तो नीट पडला की त्याला आपटू द्या, चपटा करा, उसळू द्या. मग साळुंकी चालवा. झालं की अंगठ्याखालून पानं भराभर सोडा, खालून वर. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात क्रमांक नक्की घाला, म्हणजे क्लिप निसटली तरी पानं पुन्हा लावता येतील.